कुत्रा कोणाचा?



वसंतातल्या या सायंकाळच्या सभांतून आपण राज्यांचे उदयास्त ऐकले आहेत, लढाया आणि तह ऐकले आहेत, समाजसुधारकांची चरित्रे ऐकली आहेत. आज मी कुत्र्याविषयी बोलणार आहे हे पत्रिकेत वाचून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल. ते साहजिक आहे. परंतु ज्या प्राण्याने माणसाची संगत गाईच्या आणि घोड्याच्याही आधी धरली, त्याला इतिहासाच्या पानात जागा नसावी हे मला पटत नाही. आणि आजचा माझा प्रश्न कुत्र्यापेक्षा माणसाविषयीच अधिक आहे.

तो प्रश्न मला लहानपणी पडला. आम्ही राहत होतो त्या वाड्यात मोत्या नावाचा एक कुत्रा होता. मोत्या कोणाचा, असे कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असे: ‘वाड्याचा.’ सात बिऱ्हाडांतून त्याला शिळी भाकरी मिळे, सणाच्या दिवशी पुरणपोळीचा तुकडाही मिळे. रात्री तो दिंडीदरवाज्याशी निजे आणि परक्या पावलाला भुंके. एका श्रावणात तो चिडचिडा झाला, कोपऱ्यात तोंड घालून बसू लागला, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. ‘पावसाने आजारी पडला असेल,’ असे म्हणून सर्वांनी त्याच्यापुढे नेहमीप्रमाणे भाकरी टाकली. तिसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या बिऱ्हाडातल्या माझ्याएवढ्या मुलाच्या पोटरीचा लचका तोडला. त्या मुलाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली आणि तो वाचला. मोत्याला गाडीतून नेले. त्या दिवशी वाड्याच्या चौकात मोठा वाद झाला. त्याला डॉक्टराकडे का नेले नाही, लस का टोचली नाही, बांधून का ठेवले नाही, असे सगळे एकमेकांना विचारीत होते. आणि जो तो म्हणत होता, ‘कुत्रा काय माझा होता?’

काल जो सर्वांचा होता तो आज कोणाचाच नव्हता. श्रोतेहो, या एका वाक्यात आपल्याकडील श्वानपालनाचा बराचसा इतिहास सामावला आहे असे मला पुढे वाटू लागले. तो इतिहास आज थोडक्यात आपल्यापुढे मांडतो.

विटेवरचे पाऊल

सिंधू संस्कृतीतील चन्हुदडो येथे उत्खननात एक वीट सापडली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर गेले आणि त्याच्या मागोमाग एक कुत्रा गेला. दोघांची पावले तिच्यावर उमटली आहेत, आणि ती ज्या रीतीने उमटली आहेत त्यावरून दोघेही धावत होते असे उत्खनन करणाऱ्या मॅके यांचे अनुमान होते. चार हजार वर्षांपूर्वीच्या वीटभट्टीवरच्या माणसाने या दोघांना हाकलताना काय शब्द वापरले असतील ते आपल्याला कळत नाही, पण तो चिडला असेल एवढे खास! सिंधू संस्कृतीच्या मातीच्या खेळण्यांत गळ्यात पट्टा असलेले कुत्रेही आहेत. गळ्यात पट्टा आला म्हणजे पट्टा घालणारा हात आला, कुत्र्याला ‘धनी’ मिळाला. काश्मीरमधील बुर्झहोम येथे तर नवाश्मयुगीन माणसाच्या दफनात कुत्राही पुरलेला आढळला आहे. म्हणजे एकाच काळात मोकळा धावणारा कुत्रा आहे, पट्ट्यातला कुत्रा आहे आणि मरणानंतरही सोबत असावा असे वाटणारा कुत्रा आहे. ही तिन्ही नाती आजतागायत चालत आली आहेत.

पूजा आणि उंबरठा

आपल्या वाङ्मयाकडे वळलो तर कुत्रा पहिल्यापासून दाराशी उभा दिसतो. ऋग्वेदात सरमा ही देवांची कुत्री पणींनी चोरलेल्या गाईंचा माग काढते. यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखण करतात. महाभारताची तर मोठीच मौज आहे. आदिपर्वाच्या आरंभी जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याच्या पिलाला विनाकारण झोडपतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. त्याची आई सरमा येऊन राजाला जाब विचारते आणि उत्तर न मिळाल्यामुळे शाप देते. शेवटी महाप्रस्थानिक पर्वात भाऊ आणि पत्नी वाटेत पडल्यावर धर्मराजासोबत एक कुत्राच उरतो आणि त्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला धर्मराज नकार देतो. निरपराध कुत्र्याला मारण्याने ज्या ग्रंथाची एक कथा सुरू होते, त्या ग्रंथाच्या शेवटाकडे आश्रयाला आलेल्या कुत्र्याला न सोडणे हीच धर्माची कसोटी ठरते.

महाराष्ट्रात तर कुत्रा देवांच्या पायांशीच बसला आहे. दत्तात्रेयाभोवतीच्या चार कुत्र्यांना लोक चार वेद मानतात. भैरवाचे वाहन कुत्रा. जेजुरीच्या खंडोबासोबत कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेत आले. कोटंब्यात घातलेला प्रसाद भुंकत खाण्याची रीतही त्यांच्यात होती. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली तेव्हा कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे.

परंतु इतिहासकाराने नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. याच परंपरेत कुत्रा अपवित्र मानला गेला, त्याची दृष्टी अन्नावर पडू नये असे नियम झाले. मनुस्मृतीने चांडाळांचे धन म्हणून कुत्रे आणि गाढवे नेमून दिली. ‘श्वपच’ हा शब्द माणसांच्या एका वर्गाला शिवीसारखा चिकटवला गेला. कुत्र्याचा विटाळ आणि माणसाचा विटाळ यांची अशी गाठ घातली गेली. पुढे तर उलटेच दृश्य दिसले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला तेव्हा त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र होता. कुत्र्यावरची दया ही माणसावरच्या अन्यायाला झाकण म्हणून वापरली जाऊ नये, हा धडा त्या तळ्याकाठी मिळाला. आज प्राणिदयेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने तो स्मरणात ठेवावा.

या सगळ्यांतून कुत्र्याचे स्थान कोठे ठरले? उंबरठ्याबाहेर. त्याला घास द्यायचा, पण घरात घ्यायचे नाही. मराठी भाषेत कुत्र्यासाठी दोन हाका आहेत. भाकरी टाकताना ‘यू, यू’ आणि ओटीवर चढला की ‘हाड!’ या दोन हाकांच्या मधल्या जागेत तो शतकानुशतके राहिला.

धनी असलेला कुत्रा

अर्थात ज्यांचे पोट कुत्र्यावर अवलंबून होते त्यांचे वागणे निराळे होते. मेंढरांच्या कळपामागे चालणाऱ्या धनगराला कुत्रा म्हणजे गडीमाणूस. रात्री वाघरात मेंढरे कोंडली की लांडग्याची चाहूल त्यालाच आधी लागते. त्याचे पोट भरले नाही, पायात काटा मोडून तो लंगडू लागला किंवा अंगाला खरूज झाली तर नुकसान धनगराचे. म्हणून तेथे काळजी होती, आणि काळजीबरोबर शिस्त होती. शिकारी कुत्र्यांचेही तसेच. सडपातळ, लांब पायांचे जे कुत्रे आज मुधोळ या नावाने प्रसिद्ध आहेत, त्यांची जोपासना मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी केली आणि त्यांची एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहापर्यंत पोहोचली.

राजांच्या कुत्र्यांत साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची कथा सर्वांत विलक्षण आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचविला, म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागीर करून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने नोंदविले आहे. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवितात. रायगडावरील वाघ्याची कथा याहून अधिक लोकप्रिय आहे, परंतु तिला समकालीन कागदाचा आधार मिळालेला नाही आणि तेथील स्मारक विसाव्या शतकातले आहे. लोकांना ती कथा खरी वाटावीशी वाटते, हा मात्र इतिहासाचाच एक पुरावा आहे. आपल्याला इमानी कुत्र्याची समाधी हवी असते. जिवंत कुत्र्याला रोज सकाळी फिरवून आणणारा हात मात्र सहजी मिळत नाही.

या बाबतीत आपल्या शेजाऱ्यांचा एक जुना ग्रंथ मला फार बोलका वाटतो. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात कुत्र्याविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांत स्तुती आहेच. कुत्र्यात धर्मगुरू, योद्धा, शेतकरी, गायक, चोर, मूल असे आठ प्रकारच्या माणसांचे गुण आहेत असे मोठे गमतीदार वर्णन त्यात केले आहे. परंतु स्तुतीहून महत्त्वाचे ते नियम. कुत्र्याला वाईट अन्न घालणे हा अपराध, आणि कुत्रा कोणत्या कामाचा यावरून त्या अपराधाची पायरी ठरलेली. एखाद्याच्या घराजवळ कुत्री व्याली तर पिल्ले स्वतःचे रक्षण करू लागेपर्यंत आणि स्वतःचे पोट भरू लागेपर्यंत जवळच्या घरवाल्याने त्यांना सांभाळले पाहिजे. वेडा झालेल्या कुत्र्याचे तोंड आवरावे आणि त्याच्यावर उपचार करावा, असेही सांगितले आहे. म्हणजे ‘कुत्रा कोणाचा?’ या प्रश्नाला तेथे उत्तर आहे. ज्याच्या दारी तो आहे, त्याचा.

१८३२ सालचा दंगा

हीच श्रद्धा आणि इंग्रजी कारभार यांची टक्कर मुंबईत झाली. मोकाट कुत्र्यांचा उपद्रव आणि पिसाळण्याची भीती यांमुळे वर्षाच्या ठराविक काळात कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ साली केला होता. १८३२ साली उन्हाळ्यातील ही मुदत वाढविण्यात आली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आता आठ आण्यांचा मोह पडला की मोकाट कुत्रा कोणता आणि पाळलेला कोणता हा भेद कोण करणार? पोलिसांचे शिपाई घराच्या आवारातील कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात हा प्रकार चालला असता जमाव शिपायांवर धावून गेला.

पारशांना कुत्रा प्रिय होता तो केवळ माया म्हणून नव्हे. मृत देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा विधी आहे, आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी विशेष मानला जातो. यमाच्या चार डोळ्यांच्या कुत्र्यांची येथे आपल्याला आठवण व्हावी, इतकी ही दोन घराणी जवळची आहेत. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, कोटातील दुकाने बंद राहिली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्मायली व्यापारीही त्यात होते. गोऱ्या सैनिकांची रसद अडली. शेवटी लष्कर आणावे लागले, धरपकड झाली, खटले झाले. पण शहरातील शेठ मंडळींनी अर्जविनंत्या करून असे सुचविले की कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत. त्या मंडळींचे अग्रणी जमशेटजी जीजीभाई होते.

माझ्या मते या प्रकरणाचे खरे महत्त्व दंग्यात नसून त्यानंतरच्या गोष्टीत आहे. जमशेटजी आणि शेठ अमीचंद शहा यांनी १८३४ साली मुंबईत पांजरपोळ स्थापन केली. ‘मारू नका’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत. ‘मग सांभाळणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी जागा आणि पैसा देऊन दिले. त्याच मार्गाने पुढे मुंबईत १८७४ साली प्राण्यांना होणारी क्रूर वागणूक थांबविण्यासाठी संस्था निघाली, दिनशा पेटिटांच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. प्रथम संताप आला, मग दया आली, मग व्यवस्था आली. या तीन पायऱ्यांपैकी तिसरी पायरी चढणारे समाज थोडे असतात.

पिसाळ

आता त्या भीतीविषयी, जिच्यामुळे आठ आण्यांचे बक्षीस लागले. ती भीती खोटी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन आहे. त्याची शेपटी, जबडा आणि खांदे लोंबतात, लाळ गळते, त्याला दिसेनासे आणि ऐकू येईनासे होते. असा कुत्रा चावलेला माणूस पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. या लक्षणाला दिलेले ‘जलत्रास’ हे नाव आपण अजून वापरतो. निरीक्षण इतके अचूक होते, पण इलाज नव्हता. तो मिळायला १८८५ साल उजाडावे लागले. ६ जुलै रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली आल्सास प्रांतातील जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचण्यात आली आणि तो जगला. या रोगाचे विष चावल्या जागेपासून मेंदूकडे हळूहळू चढते, त्याला आठवडे आणि कधी महिने लागतात. तेवढ्या अवधीत शरीराला तयार करता येते, हे त्या उपायाचे मर्म आहे.

भारतात कसौली येथे १९०० साली पहिली पाश्चर संस्था निघाली, १९०७ साली कुन्नूरला दुसरी. त्यापूर्वी चावा झालेल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी पॅरिसला धाडण्यात येत असे. आपल्या गावच्या शेतकऱ्याला कोण धाडणार? कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून कार्बोलिक आम्ल वापरून जी लस सिद्ध केली, तीच पुढे देशभर पसरली. पोटातली ती चौदा इंजेक्शने म्हणजे सेंपलची लस. तिने असंख्य जीव वाचविले, पण तिचे दुखणे मोठे होते आणि क्वचित तिच्यामुळे लकव्यासारखे विकारही होत. २००४-०५ च्या सुमारास ती आपल्याकडे बंद झाली. आता दंडात टोचण्याच्या थोड्या मात्रा पुरतात, आणि जखम खोल असेल तर जखमेतच तयार प्रतिद्रव्य टोचतात.

परंतु विज्ञान एवढे पुढे गेले तरी माणसे मरतात, आणि मरणारांत मुले पुष्कळ असतात. याचे कारण प्रयोगशाळेत शोधू नये, ते आपल्या अंगणात आहे. चावा झाला की हळद, चुना, तिखट लावण्यात पहिला तास जातो. वास्तविक पहिले काम एकच आहे: साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे, आणि लगेच दवाखाना गाठणे. कुत्रा घरचा आहे, पिल्लू आहे, नुसते खरचटले आहे, या सबबी पिसाळ ऐकत नाही. आणि त्याहून आधीचे काम म्हणजे पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला लस टोचणे आणि ती दरसाल न चुकता पुन्हा टोचणे. मोत्याला ती टोचली असती तर मोत्याही जगला असता आणि त्या मुलाचे ते चौदा दिवसही वाचले असते.

कायदा आणि साखळी

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले, आणि त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा झाला. त्याचे अकरावे कलम प्रत्येक कुत्रा पाळणाराने एकदा वाचावे. जनावराला मारणे हा गुन्हा आहे हे आपण समजतो. पण त्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे, आखूड साखळीने तासन् तास बांधून ठेवणे, कारण नसताना सोडून देणे हेही गुन्हे आहेत. आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला धन्याने फिरविले नाही तर तोही गुन्हा आहे! कायदे करणाऱ्यांनी कुत्र्याच्या सकाळच्या फेरीचा विचार केला, ही मला मोठी सुसंस्कृतपणाची खूण वाटते.

कारण पाळणे म्हणजे काय? पहाटे तो दार खरवडू लागला की उठणे. त्याने रस्त्यावर केलेली घाण आपण उचलणे. त्याच्या जेवणात कांदा, द्राक्षे, चॉकलेट जाणार नाही हे पाहणे, कारण हे पदार्थ त्याला बाधतात. दात येण्याच्या दिवसांत चपला कुरतडल्या तरी त्याला न झोडपता चावायला दुसरे काही देणे. गोचिडी काढणे. दिवाळीच्या फटाक्यांत तो पलंगाखाली थरथरत असेल तर त्याच्याजवळ बसणे. आणि दहाबारा वर्षांनी तो म्हातारा होऊन घरातच ओले करू लागला म्हणजे त्याला गावाबाहेर न सोडणे. यात कोठेही पराक्रम नाही. म्हणूनच ते कठीण आहे. एका दिवसाचे पालखीचे औदार्य राजाला जमते, चार हजार दिवसांची वाटी धुणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

जे हे करीत नाहीत त्यांची कुत्री रस्त्यावर येतात, आणि मग १८३२ पुन्हा उभे राहते. नगरपालिका वर्षानुवर्षे कुत्री मारीत राहिल्या. तरी ती संपली नाहीत, कारण उकिरडे तसेच राहिले आणि रिकाम्या गल्लीत नवी कुत्री येऊन वाढली. २००१ साली नियम झाले की मोकाट कुत्र्यांना पकडून त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्यांना परत त्यांच्या जागी सोडावे. २०२३ साली ते नियम नव्याने करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील मोकाट कुत्री निवाऱ्यात हलवावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने दिला. देशभर गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात मोठ्या पीठाने तो बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीची लस आणि नसबंदीनंतर परत सोडावीत, आणि त्यांना खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. चावा झालेल्या मुलाचे आईबाप एकीकडे आणि कुत्र्याला रोज भात घालणारे दुसरीकडे, असा तो वाद होता. मला विचाराल तर मी दोघांच्याही बाजूचा आहे. मुलाला निर्भयपणे शाळेत जाता आले पाहिजे, ही दयेच्या आधीची गोष्ट आहे. आणि भात घालणाराने भाताबरोबर लस टोचण्याची व नसबंदीची जबाबदारी घेतली, आणि नगरपालिकेने त्याला हात दिला, तर या दोन बाजूंत वैर उरत नाही.

श्रोतेहो, धर्मराजाने कुत्र्याला सोडले नाही ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण त्या कथेतील एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. तो कुत्रा धर्मराजाने पाळलेला नव्हता. तो वाटेत मागे लागला होता. ‘हा काय माझा आहे?’ असे म्हणण्याची पूर्ण सोय धर्मराजाला होती, स्वर्गाचे दार उघडे होते आणि विचारणारा प्रत्यक्ष इंद्र होता. तरी त्याने ते म्हटले नाही.

आमच्या वाड्यातल्या सात बिऱ्हाडांना त्या दिवशी ते म्हणता आले. त्या वाड्याच्या जागी आता मोठी इमारत उभी आहे. तिच्या फाटकाशी परवा मला एक कुत्रा निजलेला दिसला. रखवालदाराला मी विचारले, ‘कोणाचा हो हा?’ तो म्हणाला, ‘सोसायटीचा.’ मी पुढे विचारले, ‘लस टोचली आहे का याला?’ तेव्हा तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. आज घरी जाताना आपापल्या दाराशी हे दोन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.